बारूदकोठीतली शाळा

पेन्शनर माणसाकडं दोनच गोष्टी साचतात. एक मुतखडे, दुसरे किस्से! मुतखड्याला डॉक्टर म्हणतो, पाणी पीत जा, पडून जातील. किस्स्यांवर असला इलाज न्हाई. ते चारचौघांतच पाडावे लागतात. आज तुम्ही सगळे ओट्यावर आयते सापडलात, चहाही सांगून झालाय, तर ऐका.

किस्से सगळे एकाच शाळेचे आहेत. जालन्याहून राजूरच्या रस्त्याला लागलं की तेव्हा काळी खदान नावाची वस्ती होती. रस्त्याला आन् रेल्वेला लागणारी गिट्टी तिथून जायची. दगड फोडणारे बहुतेक वडार, बाकीचे आसपासच्या खेड्यांतले. राज्य निजामाचं, खदान किसनशेठ ठेकेदाराची, आन् धूळ सगळ्यांची! तिथल्या प्रायमरी शाळेत मी अगदी पहिल्या दिवसापासून मास्तर होतो. मिशी नुकतीच फुटली होती, अकलेला अजून टाइम होता.

आम्ही मास्तर तिघं. हेडमास्तर विनायकराव, राहायला जालन्यात, मस्तगडला. सोवळं कडक, आन् साहेबाला सलाम त्याहून कडक. दुसरे करीम मास्तर. उर्दू शिकवायचे, वस्तीतच खोली घेऊन राहायचे, आन् हळू आवाजात असं काही बोलायचे की समोरच्याला ते घरी गेल्यावर लागायचं. तिसरा मी.

*

शाळा निघाली ती मोटारीच्या पंक्चरमुळं!

मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे बडे अधिकारी, भोकरदनकडं निघाले होते. त्यांची मोटार नेमकी खदानीपाशी बसली. ड्रायव्हर चाक बदलेपर्यंत साहेबांना काही उद्योग नव्हता. त्यांनी आजूबाजूला खेळणारी पोरं बघितली आन् शेठला विचारलं, "इतने बच्चे हैं, मदरसा कहाँ है?"

किसनशेठनं जन्मात कुठल्या साहेबाला 'न्हाई' म्हटलं नव्हतं. हात जोडून म्हणाले, "है ना हुजूर! बस, उद्घाटन बाकी है."

उद्घाटनच काय, शाळाच बाकी होती!

मंग पळापळ सुरू झाली. वस्तीत रिकामी जागा एकच, सुरुंगाची बारूद ठेवायची दगडी कोठी. बारूद दुसरीकडं हलवायला घेतली, पण साहेब सांगितल्या दिवसाच्या आधीच हजर झाले. चार पोती आतच राहिली. शेठनं त्यांच्यावर जाजम टाकलं आन् तीच हेडमास्तरांची बैठक केली. विनायकरावांना कुणी सांगितलंच न्हाई. ते आपले ऐटीत मांडी घालून बसले!

साहेब आले ते तोंडात पेटता चिरूट घेऊन. दारात पाऊल टाकलं तसा शेठचा मुनीम किंचाळला, "हुजूर, चिरूट बाहेर! आत बारूद हाय!"

साहेब जागीच थिजले. विनायकराव जाजमावरून असे उडाले, जणू सुरुंग त्यांच्याच खाली लागलाय. साहेबांनी संतापून विचारलं, "ये मदरसा है या बारूदखाना?"

करीम मास्तर अदबीनं पुढं झाले. म्हणाले, "हुजूर, कल तक सिर्फ बारूद थी. आज से बच्चे भी हैं."

उद्घाटन साहेबांनी रस्त्यावरूनच केलं.

कोठीच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, 'आत आग आणू नये.' ते कुणी पुसलंच न्हाई. आमच्या पोरांनी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य तेच. पुढं एका पाहुण्यानं विचारलं तर विनायकराव बिनधास्त म्हणाले, "सुविचार आहे. विद्यार्थ्यांनी क्रोध आवरावा, असा त्याचा अर्थ."

*

शाळेला घंटा पाहिजे. शेठनं रुळाचा एक तुकडा दिला, तो आम्ही लिंबाला टांगला. लोखंडानं ठोकला की कोसभर ऐकू जायचा. फर्स्ट क्लास!

फकस्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली न्हाई. सुरुंग लावायच्या आधी खदानीत इशारा द्यायचे, तोही रुळाचा तुकडा ठोकूनच. दोन्ही तुकडे एकाच रुळाचे, त्यामुळं आवाज जुळ्या भावांसारखा!

पहिल्याच सोमवारी विनायकरावांनी शाळा भरायची घंटा ठोकली. तशी अख्खी खदान हातातलं टाकून पळाली. कोणी दगडाआड, कोणी खड्ड्यात. शेठकडं हैदराबादचा एक व्यापारी माल बघायला आल्ता. त्याला घेऊन शेठ बैलगाडीखाली शिरले. तिथं गाडीवान आधीच होता, आन् शेण त्याच्याही आधीपासून!

सगळे कानात बोटं घालून स्फोटाची वाट बघत राह्यले. स्फोट काही होईना. शेवटी कोठीतून पाढ्यांचा आवाज यायला लागला.

शेठ धोतर झटकत शाळेत आले. "हेडमास्तर, तुमची शाळा भरली की माझा धंदा बंद पडतो! हे बिलकुल चालणार न्हाई!"

त्यांच्या मागं यल्लव्वा उभी होती. यल्लव्वा म्हणजे गिट्टी फोडणाऱ्या बायांची मुकादम. हातात हातोडा, पण जीभ हातोड्याहून जड. ती म्हणाली, "मालक, आन् तुमचा सुरुंगाचा इशारा वाजला की पोरं शाळा भरली म्हणून धावत येतेत. मरायाच्या टायमाला शाळा भरती आमची. आदी त्याचं बघा!"

दुसऱ्या दिवशी शाळेला पितळी थाळी मिळाली.

*

आमच्या पोरांच्या घरी वडारी बोली, रस्त्यावर मराठी आन् शाळेत सरकारी उर्दू. करीम मास्तर बिचारे 'अलिफ से अनार'पासून सुरुवात करायचे. आता खदानीत डाळिंब कुणी बघितलंय! तिथं बाभूळसुद्धा ओळखपाळख काढून उगवायची.

एकदा मुआयना, म्हणजे शाळेची तपासणी होती. मोहतमीम साहेब खुर्चीवर, विनायकराव त्यांच्या मागं हात जोडून. साहेबांनी पहिल्या रांगेतल्या एका पोराला उठवलं. "अलिफ से?"

"अनार!"

"शाबाश! अनार क्या होता है?"

पोरानं क्षणभर विचार केला. दिवाळीला शेठच्या वाड्यासमोर 'अनार' म्हणून काय उडतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. छाती काढून म्हणाला, "बत्ती लावायची आन् जल्दी पळायचं!"

विनायकरावांनी डोळे मिटले. साहेबांनी करीम मास्तरांकडं बघितलं. "ये क्या पढ़ाया आपने?"

करीम मास्तर म्हणाले, "हुजूर, मैंने तो फल पढ़ाया था. लेकिन इनके घर फल नहीं आता, धमाका आता है."

*

आता हातोड्यांचा ऐका.

दुसऱ्या वर्षी विनायकरावांनी वर अर्ज केला की पोरांना पाट्या न्हाईत, पाठवाव्यात. उत्तर आलं न्हाई, साहेबच आले. तेही न सांगता! त्या दिवशी रेल्वेची मोठी ऑर्डर होती, म्हणून शेठनं सगळी पोरं गिट्टी फोडायला लावली होती. शाळेत आम्ही तीन मास्तर, एक मांजर आन् पितळी थाळी.

साहेबांनी विचारलं, "बच्चे कहाँ हैं?"

मी म्हणणार होतो की खरं सांगून टाका, निदान शेठला जाब तरी विचारला जाईल. पण विनायकरावांचं डोकं असल्या वेळी विजेसारखं चालायचं. म्हणाले, "हुजूर, आज प्रॅक्टिकल है!"

आन् साहेबांना थेट खदानीत घेऊन गेले की!

पोरं ओळीनं बसून गिट्टी फोडत होती. बोटांना चिंध्या, डोळ्यांत चुरा. साहेब रुमाल नाकाला लावून बराच वेळ बघत राह्यले. मला वाटलं, आता भडकतील. साहेब म्हणाले, "वाह! किताबी तालीम के साथ हाथ का हुनर! पूरे जिले में ऐसी मिसाल नहीं!"

शेठ लाजले. विनायकराव तर नव्या नवरीसारखे लाजले!

महिन्याभरात सरकारकडून पेटी आली. पोरं नाचायला लागली, पाट्या आल्या म्हणून. पेटी फोडली तर आत पाट्या न्हाईत, हातोडे! लहान मुठीचे, खास मुलांसाठी.

यल्लव्वानं एक हातोडा उचलून वजन बघितलं. म्हणाली, "पोराला पाटी मागितली तर सरकारनं हातोडा देला. आवं, हातोडा तर पोराच्या जन्माआधीपासून घरात हाय!"

हातोडे शेठनं नेले. मुलांच्या हुनरासाठी!

*

विनायकराव घरून पाण्याचा तांब्या आणायचे, फडक्यात गुंडाळून. वस्तीतलं पाणी त्यांना चालत नव्हतं. तांब्यावर पोराची सावली पडली तर दिवसभर कोरड्या घशानं बसायचे, आन् पोराला मात्र ओला होईपर्यंत मारायचे.

वैशाखात एकदा पोराच्या धक्क्यानं तांब्या कलंडला. विनायकराव हट्टानं तसेच बसून राह्यले. दुपारी दगड तापला आन् कोठीची भट्टी झाली. औटकी घोकून घेता घेता हेडमास्तर धाडकन खाली!

करीम मास्तरांनी डोकं मांडीवर घेतलं. मी बाहेर पळालो. यल्लव्वा जवळच होती, ती मडकं घेऊन आली आन् त्यांच्या तोंडात पाणी ओतायला लागली. विनायकराव घटाघटा प्यायले. डोळे उघडले. जीव आला तसा धर्मही आला.

"कुणाच्या मडक्यातलं पाणी?"

"माझ्या," यल्लव्वा म्हणाली. "ओकायचं आसंल तर जल्दी ओका. मला मडकं भरून न्यायाचंय."

ओकले न्हाईत. मडक्याकडं बघत अजून एक घोट मागितला, तोही खुणेनं. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी शाळेत कुणीतरी काहीतरी शिकलं!

दुसऱ्या दिवशी विनायकराव घरून मोठा तांब्या घेऊन आले.

*

मधे एका वर्षी शेठला कळलं की सगळ्यात चांगला काळा दगड आहे तो नेमका शाळेच्या खाली! झालं. शेठला एकदम शिक्षणाची काळजी लागली. "ही काय शाळा हाय? कोंदट, अंधारी. पोरांसाठी पलीकडच्या माळावर पक्की इमारत बांधतो. आदी ही पाडू."

आधी पाडू! बांधायचं नंतर बघू!

करीम मास्तर म्हणाले, "विनायकराव, ही गेली तर दुसरी होत नसते. पोरं कायमची गिट्टीवर जातील." पण विनायकराव खुशीत होते. नव्या इमारतीच्या कोनशिलेवर त्यांचं नाव कोरायचा शब्द शेठनं दिल्ता. तो दगड तर कोरूनही झाला होता!

कोठीच्या मागच्या भिंतीखाली सुरुंगाची भोकं पाडली, बारूद भरली. सकाळी पोरांना सुट्टी दिली. मी पुस्तकं गोळा करत होतो. तेवढ्यात दारातून यल्लव्वा आत आली. तिच्या मागं वस्तीतल्या साऱ्या बाया. काखेत लेकरं, डोक्यावर गिट्टीच्या रिकाम्या पाट्या. सरळ पोरांच्या जागेवर फतकल मारून बसल्या.

विनायकराव ओरडले, "अहो, हे काय? उठा! इथं सुरुंग लागणार आहे!"

"आमी शिकाया आलोत."

"शिकायला? कुठल्या इयत्तेत?"

"सगळ्यात खालच्या," यल्लव्वा म्हणाली. "दगड बी खालूनच फोडतेत."

करीम मास्तरांनी माझ्याकडं बघितलं आन् खडू माझ्या हातात देला. मी फळ्यावर 'अ' काढला. काय करणार, ड्यूटी ती ड्यूटी!

बाहेर शेठ तापले होते. सुरुंगाला बत्ती लावायचं काम हणमंताचं. हा हणमंता म्हणजे यल्लव्वाचा नवरा. शेठ त्याच्यावर ओरडले, "लाव बत्ती!"

"मालक, आत बायको बसलीय."

"मंग तिला बाहेर काढ!"

हणमंता थंडपणे म्हणाला, "मालक, बत्ती लावायचं काम माझं. बायकोला उठवायचं काम तुमी करा. मला जिवाची भीती हाय."

शेठ तावातावानं दारापर्यंत आले. आतून साऱ्या बायांनी एकदम त्यांच्याकडं बघितलं. शेठ थांबले. वर आभाळाकडं बघितलं. म्हणाले, "आज मुहूर्त बराबर न्हाई."

तो मुहूर्त पुन्हा कधी आलाच न्हाई. बारूद काढून घेतली, शाळा वाचली. बाया मात्र दर बाजाराच्या दिवशी येऊन बसायला लागल्या, "अर्धंच शिकवून सोडतेत का?" म्हणून.

आन् विनायकरावांचं नाव कोरलेली कोनशिला? ती यल्लव्वानं धुणं धुवायला नेली. नाव वर ठेवून. खरखरीत असलं की कपडा स्वच्छ निघतो!

*

शेवटी शेवटी रझाकारांची दहशत वाढली. वर्षभर लोक घरंदारं सोडून पळत होते. मंग पोलीस ॲक्शन झालं, आन् भीतीनं फकस्त बाजू बदलली. आता दुसरे लोक पळायला लागले. विनायकरावांच्या पोटात दुखायला लागलं ते दुखतच राह्यलं, शाळेकडं फिरकले न्हाईत. मी जात होतो. करीम मास्तर वस्तीतच होते. त्यांना जायला दुसरीकडं कोणी नव्हतं.

एक दिवस सकाळीच धुरळा दिसला. काठ्या-कुऱ्हाडी घेतलेले दहा-पंधरा जण येत होते. खदानीतले न्हाईत, कुठले बाहेरचे. आम्ही कोठीत पोचायच्या आत यल्लव्वानं करीम मास्तरांचा दंड धरला. हणमंताचं पागोटं त्यांच्या डोक्यावर, दगडाचं पीठ तोंडाला आन् दाढीला, हातात हातोडा. "बसा. फोडा. बोलू नका."

टोळी आली. पुढारी म्हणाला, "तो मुसलमान मास्तर कुठंय?"

"गेला की. कव्हाच गेला," यल्लव्वा गिट्टी फोडत म्हणाली.

शेजारी करीम मास्तर खाली मान घालून हातोडा मारत होते. जन्मात कधी उचलला नव्हता. तिसरा-चौथा घाव थेट अंगठ्यावर! तोंडातून निघालंच, "या अल्ला...!"

टोळी एकदम वळली. पुढारी त्यांच्या डोक्यावर येऊन उभा राह्यला. "काय म्हणला रे तू?"

यल्लव्वा हातोडा आपटून उठली. करीम मास्तरांच्या पाठीत एक धपका घातला. "यल्लव्वा! यल्लव्वा! सासूला नावानं हाक मारतेत का रं मुडद्या? कितींदा सांगायचं तुला!"

पुढारी गोंधळला. "यल्लव्वा तुझं नाव?"

"मंग काय तुझं?"

बाया हसल्या. पण गडी पक्का होता. त्यानं करीम मास्तरांच्या रक्ताळलेल्या अंगठ्याकडं बघितलं, समोरच्या न फुटलेल्या दगडाकडं बघितलं. "वडार हाय म्हणती, आन् ह्याला तर दगड फोडता येत न्हाई!"

यल्लव्वानं कपाळावर हात मारला.

"दगड फोडता येत आसता तर घरजावई कशाला झाला आसता, दादा?"

*

त्यानंतरच्या हिवाळ्यात विनायकरावांचं पोट एकदम बरं झालं. नवीन सरकारचे नवीन साहेब शाळा बघायला येणार होते. पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे.

काय तयारी! दारावर तोरण, वर झेंडा. भिंतीवर निजाम हुजुरांचा फोटो होता तिथं आता फिकट चौकोन उरला होता, त्यावर विनायकरावांनी कॅलेंडर लावलं. दरबारी थाटात गोंड्याची लाल रूमी टोपी घालून वावरणारे शेठ पांढऱ्या गांधी टोपीत आले आन् मधल्या खुर्चीवर बसले. स्वागताध्यक्ष तेच होते! विनायकरावांनी भाषणात सांगून टाकलं की या शाळेनं पहिल्यापासून जुलमी राजवटीशी छुपा लढा दिलाय. करीम मास्तर मागच्या भिंतीला टेकून उभे होते. अंगठ्याचं नख अजून नीट आलं नव्हतं. ते माझ्या कानात म्हणाले, "मास्तर, हम लोग लड़ रहे थे और हम ही को पता नहीं!"

पोरांना आठवडाभर घोकून घेतलं होतं. साहेब विचारतील, काय बदललं? मंग एका सुरात म्हणायचं: राज्य बदललं, गुलामी संपली, आम्ही स्वतंत्र झालो. पोरांनी पाढ्यासारखं पाठ केलं होतं.

भाषणं चालू असताना खाली खदानीत काम चालूच होतं. हातोड्यांचा आवाज मधेमधे भाषणात यायचा. शेठनं त्या दिवशीही सुट्टी दिली नव्हती.

साहेब उठले. माणूस खरंच चांगला होता. पोरांजवळ जाऊन उकिडवा बसला. म्हणाला, "मला पाठ केलेलं नको हं. कुणीतरी एकानंच सांगा, स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगा. तुमच्या इथं काय काय बदललं?"

विनायकराव मागून ओठ हलवून दाखवत होते, "राज्य... राज्य..."

यल्लव्वाची धाकटी गंगी उठली. परकराला हात पुसले. साहेबांनी डोळ्यांनी बघून सांगायला सांगितलं होतं म्हणून तिनं सगळीकडं नीट बघून घेतलं. छत बघितलं, दार बघितलं, दारातून खाली दिसणारी खदान बघितली. मंग समोरच्या खुर्च्या बघितल्या.

"शेठाची टोपी," गंगी म्हणाली.

"बरं," साहेब म्हणाले. "आणखी?"

गंगीनं परत एकदा खदानीकडं बघितलं, आन् खाली बसली.